सासूबाईंचे गुडघे आणि टस्कनीच्या टेकड्या

पत्र : मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही सहाजण इटलीत टस्कनीला जातोय. मी, नवरा, पंधरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. नवऱ्याने एक्सेलमध्ये कार्यक्रम आखलाय : सात रात्री, अकरा गावं, जवळपास रोज नवं हॉटेल. रोमला उतरल्या उतरल्या विमानतळावरून नऊ सीटर व्हॅन घ्यायची आणि ती फक्त तो चालवणार. मी रोज हिंजवडीला स्वतः गाडी घेऊन जाते, पण "तिकडे नको" असं त्याचं म्हणणं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या पक्क्या शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे, किल्ल्यांचं भारी वेड. मुलगी म्हणते, रोज बॅगा भरायच्या असतील तर मला आजीच्या मैत्रिणीकडे ठेवून जा. सासूबाई सुचवतात की स्वयंपाकघर असलेलं घर घेऊ या, आणि त्याचा अर्थ मला बरोबर कळतो. मी काही बोलले की "तू मोडता घालतेस" हे ठरलेलं. काय करू?
– एक सून, पुणे

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचून आधी नकाशा उघडला आणि तुमच्या अहोंच्या अकरा गावांवरून बोट फिरवलं. नकाशात ती खरोखर एकमेकांना खेटून दिसतात. फसगत तिथेच होते. टस्कनीतलं गाव टेकडीच्या माथ्यावर असतं. एका गावातून दुसऱ्यात जायचं म्हणजे एक टेकडी पूर्ण उतरायची, खोऱ्यातून वळणं घेत जायचं, दुसरी चढायची आणि वर पोचल्यावर गाडी वेशीबाहेर लावून उरलेला चढ पायी चढायचा. सान जिमिन्यानो ते वोल्तेरा हे अंतर तीसेक किलोमीटर, पण पाऊण तास सहज जातो. त्यात पार्किंग, तिकीट, स्वच्छतागृह आणि सासूबाईंची चाल धरा, की एका गावाला अर्धा दिवस लागलाच. तुमच्या अहोंनी रकान्यात गाडीचे तास लिहिलेत, माणसांचे लिहिलेले नाहीत.

ही गावं अशी वर का बसली, हे सासऱ्यांना विचारलंत तर ते "शत्रूमुळे" म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. पण दुसरं कारण डासांचं. खालची सपाट खोरी कित्येक शतकं दलदलीची होती आणि तिथे हिवताप असायचा. मोन्तेपुल्चानोच्या पायथ्याशी पसरलेलं कियाना नदीचं खोरं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात निचरा करून शेतीखाली आणलं गेलं. त्याआधी शहाणा माणूस वरच राहायचा. तेव्हा चढ टाळून ही गावं बघता येत नाहीत. ते कोणी, किती आणि कधी चढायचे एवढंच आपल्या हातात आहे.

माझा सल्ला मोडता घालण्याचा नाही, उलट खर्चात थोडी भर घालण्याचा आहे. एक व्हॅन घेऊ नका. दोन छोट्या गाड्या घ्या आणि दुसरी तुम्ही चालवा.

का ते सांगते. नऊ सीटर व्हॅन आपल्या साध्या परवान्यावर चालवता येते, तो प्रश्न नाही. प्रश्न तिच्या रुंदीचा आहे. द्राक्षमळ्यांमधले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी बांध, आणि समोरून ट्रॅक्टर. गावाबाहेरच्या पार्किंगचे चौकोन छोट्या फियाटच्या मापाचे. सात सीटर घ्यावी म्हटलं तर मागची सीट उघडली की बॅगा ठेवायला जागा उरत नाही. पण हे सगळं एक वेळ निभावेल. खरी अडचण अशी, की एका गाडीत सहाजण म्हणजे सहाजणांचा एकच दिवस. सासूबाईंचे पाय भरून आले की मुलाचा बुरूज चुकणार. मुलगी दुकानात रेंगाळली की सासरे घड्याळ बघणार. दोन गाड्या असल्या की दुपारी एक गाडी घरी झोपायला येते आणि दुसरी वोल्तेराला जाते. संध्याकाळी जेवायला सगळे एकत्र, आणि मग एकमेकांना सांगायलाही काहीतरी असतं. भाड्याचा आकडा समोर ठेवूनच बोला. एका मोठ्या ऑटोमॅटिक व्हॅनच्या आणि दोन लहान गाड्यांच्या भाड्यात अनेकदा वाटतं तेवढा फरक नसतो.

"तिकडे नको" याचं उत्तर. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणजे गिअर उजव्या हातात. हे तुमच्या अहोंनाही तितकंच नवीन आहे. हिंजवडीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या बाईला सकाळी दहा वाजता किआंतीचा रिकामा रस्ता अवघड जाईल, असं मला वाटत नाही. दोघांनीही ऑटोमॅटिक मागा, आणि ती आधी आरक्षित करा, कारण तिथे भाड्याच्या बहुतेक गाड्या साध्या गिअरच्याच असतात. दोघांनीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. सारथीच्या संकेतस्थळावर अर्ज होतो, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. सोबत मूळ परवानाही लागतो. ज्याच्या नावावर गाडी, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड काउंटरवर मागतात, अनामत त्यावर अडकवतात आणि डेबिट कार्ड बऱ्याचदा नाकारतात. म्हणजे तुमची गाडी तुमच्या कार्डावर. मुलगा दीड मीटरहून उंच नसेल तर त्याच्यासाठी बूस्टर सीट कायद्याने लागते, तीही आधीच सांगून ठेवा.

रोमला उतरून लगेच गाडी घेऊ नका, यावर मात्र मी हटून बसेन. रात्रभराचं विमान, अर्धवट झोप, उलट्या बाजूचा रस्ता आणि रोमचं रिंगरोड, या चार गोष्टी एका सकाळी कशासाठी? रोमहून फ्लॉरेन्सला वेगवान रेल्वेने दीड तासात पोचता. पहिल्या दोन रात्री तिथे गाडीविना काढा. मग विमानतळाकडे जाणाऱ्या ट्रॅमने जा आणि गाड्या तिथून घ्या, शहराच्या आतून नको. शेवटी त्या रोमच्या विमानतळावर सोडा. एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडण्याचे जास्तीचे पैसे पडतात, ते द्या.

शहराच्या आतून गाडी का नको, तर झेडटीएलमुळे. इटलीतल्या जुन्या वस्त्यांमध्ये बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पांढरी गोल पाटी, भोवती लाल कडा, आणि वर कॅमेरा. अडवायला कुणी नसतं, त्यामुळे आपण खुशाल आत जातो आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर येते. त्याआधी भाड्याची कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवल्याचं वेगळं शुल्क कार्डावरून कापून घेते. त्याच कॅमेऱ्याखालून परत बाहेर पडून पुन्हा आत गेलात तर दुसरा दंड. काही वेशींवर दिव्याची पाटी असते : "वार्को आत्तिवो". ती वाचून "चालू आहे, चला" असं वाटतं. तसं नाही. पहारा चालू आहे, आत येऊ नका, असा तिचा अर्थ. फोनवरचा नकाशा या बंदीबद्दल दर वेळी सावध करेलच असं नाही. म्हणून तुमच्या मुलीला पुढच्या सीटवर बसवा आणि लाल कड्याच्या पाट्या शोधण्याचं काम पूर्णपणे तिच्याकडे द्या. पंधरा वर्षांच्या मुलीला खरी जबाबदारी दिली की तिची कुरकुर कमी होते. बापाला "थांबा!" असं ओरडायची अधिकृत परवानगी मिळते हा वरचा फायदा.

रस्त्याचं बाकीचं थोडक्यात. पार्किंगच्या निळ्या रेषा म्हणजे पैसे भरायचे, पांढऱ्या म्हणजे फुकट (पण वेळेची पाटी वाचा), पिवळ्या म्हणजे आपल्यासाठी नाहीत. टोलनाक्यावर फक्त टेलेपासवाल्यांसाठी (टेलेपास म्हणजे तिथला फास्टॅग) असलेली पिवळी रांग टाळा. फ्लॉरेन्स ते सिएना हा चौपदरी रस्ता टोलशिवायचा आहे. पंपावर "बेंझिना" म्हणजे पेट्रोल आणि "गासोलियो" म्हणजे डिझेल. गाडीचं झाकण उघडून खात्री केल्याशिवाय नळीला हात लावू नका. घाईत डिझेल गाडीत पेट्रोल भरणारे लोक दर मोसमात भेटतात. आणि गाडी चालवणाऱ्याने जेवताना वाइन घ्यायची नाही. किआंतीत, मोन्ताल्चिनोत, मोन्तेपुल्चानोत, ज्या गावांची नावंच वाइनच्या बाटलीवर असतात तिथे हे तुमच्या अहोंना जड जाईल. दोन चालक असल्याचा हाही एक उपयोग. एकच गाडी बाहेर काढाल तेव्हा एक दिवस ते, एक दिवस तुम्ही.

आता गावं. हॉटेलं रोज बदलायची नाहीत, मुलीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. दोन घरं घ्या. शेतावरची राहायची व्यवस्था तिथे जागोजागी असते, तिला आग्रितुरिझ्मो म्हणतात. द्राक्षं, ऑलिव्ह पिकवणारं कुटुंब आपल्या शेतघराचे दोन-तीन भाग पाहुण्यांना देतं. बऱ्याच ठिकाणी पोहायचा तलाव असतो, काही ठिकाणी रात्रीचं जेवणही मिळतं. फ्लॉरेन्सनंतर उरलेल्या पाच रात्रींपैकी दोन कोल्ले दि वाल देल्साच्या आसपास काढा आणि तीन पिएन्त्साजवळ. शेवटचा दोनेकशे मीटरचा रस्ता बहुधा कच्चा, पांढऱ्या मुरमाचा असेल, म्हणून उजेड असतानाच पोचा.

घर घेताना एकच प्रश्न आधी लिहून विचारा : तळमजल्यावर झोपायची खोली आणि न्हाणीघर आहे का? फोटोतला दगडी जिना सुंदर दिसतो, पण सासूबाईंना तो रोज चढावा लागेल.

पहिल्या घराहून सान जिमिन्यानो आणि सिएना. सान जिमिन्यानोत आज चौदा जुने मनोरे उभे आहेत. एके काळी बहात्तर होते असं सांगतात. श्रीमंत घराण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करायला ते बांधले. दुपारी अकरा ते चार तिथे बसगाड्यांची गर्दी असते, तेव्हा साडेआठला वेशीत असा किंवा सरळ संध्याकाळी पाचनंतर जा. मेअखेरीस साडेआठपर्यंत उजेड असतो. मोठा मनोरा, तोर्रे ग्रोस्सा, चोपन्न मीटरचा आहे आणि त्यावर चढता येतं. तो मुलाचा. सासूबाईंनी तोवर खाली विहिरीच्या चौकात पायरीवर बसून आइस्क्रीम खावं.

सिएनात चढ खूप आहेत, पण फोंतेब्रांदाच्या बाजूला पार्किंगपासून वर नेणारे सरकते जिने आहेत. हे आधी माहीत नसेल तर गुडघ्यांचा दिवस तिथेच संपतो. शहराचे सतरा मोहल्ले आहेत, त्यांना कोंत्रादे म्हणतात, आणि २ जुलै व १६ ऑगस्टला मोठ्या चौकात त्यांच्या घोड्यांची पालिओ ही शर्यत होते. तुम्ही तेव्हा नसणार, ते बरंच, कारण तेव्हा शहरात मुंगीला शिरायला जागा नसते. पण प्रत्येक मोहल्ल्याची खूण भिंतींवर, दिव्यांवर, कारंज्यांवर कायम असते. गोगलगाय, हंस, साळिंदर, कासव, जिराफ, गेंडा, पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती. नऊ वर्षांच्या पोराला वही द्या आणि जितके प्राणी सापडतील तितकी आइस्क्रीमं कबूल करा. (कबूल करण्याआधी सतराचा हिशेब करून ठेवा.) मोठी माणसं तोवर पालाझ्झो पुब्लिको या जुन्या नगरभवनातली लोरेंझेत्ती या चित्रकाराची भित्तिचित्रं बघतील. १३३८-३९ सालची ही चित्रं चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची आहेत, आणि चांगल्या कारभाराच्या भिंतीवर जी टेकड्यांची शेती रंगवली आहे तीच तुम्ही आदल्या दिवशी गाडीतून पाहिलेली असेल.

सासऱ्यांसाठी वाटेत मोन्तेरिज्जोनी ठेवा. गाव म्हणण्यापेक्षा तटबंदीच. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला सिएनाने फ्लॉरेन्सवर नजर ठेवायला ती उभारली, चौदा बुरूज, आत एक चौक आणि चार गल्ल्या. तासाभरात होतं. फ्लॉरेन्सवाल्यांना ती लढून घेता आली नाही. १५५४ मध्ये आतल्या सरदारानेच फितूर होऊन तिच्या चाव्या त्यांच्या हातात दिल्या. तुमचे सासरे हे ऐकून अर्धा तास बोलतील. बोलू द्या. पुढच्या वर्षी सिएना पडलं, पण तिथले काही लोक मोन्ताल्चिनोच्या किल्ल्यात गेले आणि आपलं प्रजासत्ताक त्यांनी १५५९ पर्यंत तिथून चालवलं. तो किल्ला तुमच्या दुसऱ्या घरापासून जवळ आहे. म्हणजे सासऱ्यांच्या गोष्टीचा पुढचा भाग तिथे.

त्यांच्यासाठी आणखी एक, आणि हे तुमच्या एक्सेलमध्ये नाही याचं मला आश्चर्य वाटलं. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात बोतिचेल्लीचं "प्रिमावेरा" बघालच. दुसऱ्या महायुद्धात उफिझीतली चित्रं बॉम्बपासून वाचवायला आसपासच्या वाड्या-गढ्यांमध्ये हलवली होती, आणि हे चित्र मोन्तेस्पेर्तोलीजवळच्या मोन्तेगुफोनी गढीत होतं. १९४४ च्या उन्हाळ्यात आठवी भारतीय डिव्हिजन फ्लॉरेन्सकडे सरकत असताना त्या गढीत मुक्कामाला होते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान. ज्या चित्रासमोर आज रांगा लागतात, त्याच्या सोबतीला तेव्हा आपली माणसं होती. गढी आता खाजगी आहे, पाहुण्यांना राहायला देतात, म्हणून आत जायचं तर आधी विचारा. पण फ्लॉरेन्सहून पहिल्या घराकडे जाताना त्या रस्त्याने गेलात तर फारसं आडवळण पडत नाही.

त्याच उन्हाळ्यात, १० जुलै १९४४ ला, माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे वरच्या तिबेर खोऱ्यात लढताना गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उंब्रिया प्रांतातल्या मोन्तोने या टेकडीवरच्या गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं स्मारक झालं, एक सूर्यघड्याळ. कोर्तोनापासून ते साधारण तासाभरावर आहे. पिएन्त्साहून जाऊन येऊन पूर्ण दिवस जाईल, आणि सासूबाईंना मी एवढं बसायला लावणार नाही. पण एक गाडी, सासरे आणि त्यांचा मुलगा, असा दोघांचाच दिवस होऊ शकतो. बाप-लेक किती वर्षांत असे दोघंच कुठे गेले नसतील, ते तुम्हाला माहीत.

त्या दिवशी तुम्ही चौघं बान्यो विन्योनीला जा. या गावच्या मुख्य चौकात फरसबंदीच्या जागी गरम पाण्याचा मोठा हौद आहे. त्यात उतरायला मनाई आहे, पण पाणी पुढे उघड्या पाटांतून वाहत डोंगराच्या कडेला जातं आणि तिथे काठावर बसून पाय सोडता येतात. पैसे लागत नाहीत. वज्रेश्वरीला जाणाऱ्या बाईला यात काय सुख आहे ते वेगळं सांगायला नको. खाली जुन्या गिरण्यांच्या बागेत मुलगा पाण्यात खेळेल. मुलीला तिथून जवळच सान क्विरिकोच्या बाजूची सुरूची झाडं आणि वाऱ्यावर हलणारा हिरवा गहू मिळेल. मेमध्ये तो हिरवा असतो, मध्ये तांबडी खसखशीची फुलं. जुलैत हे सगळं कापून पिवळं-तपकिरी होतं, त्यामुळे महिना तुम्ही उत्तम निवडलाय. तेवढं श्रेय अहोंना द्या.

पिएन्त्सा हे सासूबाईंचं गाव. सगळ्यांत सपाट. एक मुख्य रस्ता, एक चौक, आणि चर्चच्या मागे तटावरून चालत जायची वाट, जिथून ओर्चाचं अख्खं खोरं दिसतं. इथे जन्मलेला एक माणूस दुसरा पायस या नावाने पोप झाला, आणि १४५९ पासून त्याने आपलं खेडं पाडून आदर्श शहर म्हणून नव्याने बांधायला घेतलं. नावही स्वतःवरून ठेवलं. मोन्तेपुल्चानो जवळच आहे, वीस-पंचवीस मिनिटांवर, पण वेशीपासून वरच्या चौकापर्यंत एकच न संपणारा चढ. तिथे गावची छोटी बस वर जाते. सासूबाई बसने वर, बाकीचे चालत, आणि उतरताना सगळे एकत्र.

वोल्तेरा दुसऱ्या गाडीसाठी मोकळं ठेवा, ज्यांना जायचं ते जातील. तिथली एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्याही आधीच्या लोकांची वेस १९४४ मध्ये माघार घेणारे जर्मन उडवून देणार होते. गावकऱ्यांनी रस्त्याचे दगड उपटून वेशीची कमान ठासून बंद केली, म्हणजे ती उडवायची गरजच राहिली नाही. पित्तिल्यानो काढून टाका. सुंदर आहे, पण फार दक्षिणेला. ग्रेवे, राद्दा, कास्तेल्लिना ही गावं गाडीतून जाताना दिसतील, त्यांचा वेगळा रकाना नको.

आता तो प्रश्न, जो तुम्ही एका ओळीत विचारलात आणि जो मला सगळ्यांत मोठा वाटला. स्वयंपाकघराचं घर घ्या. पण त्याआधी, पुण्यातच, सगळ्यांसमोर ठरवा की त्यात काय शिजणार आणि कोण शिजवणार. सकाळचा नाश्ता अहो आणि मुलगी करतील. सासरे भांडी यंत्रात लावतील. रात्री एखाद्या दिवशी तुम्ही वरण-भात लावाल, तो तुम्हाला हवा म्हणून. पोळ्या नाहीत. पोळपाट नेला की लाटणारी ठरलेलीच असते, म्हणून तो नेऊच नका. कुकरही नको. तिथली शेगडी इंडक्शनची निघाली तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतसुद्धा नाही. कोओपच्या दुकानात शिजवलेले छोले, मसूर, तांदूळ, पालक, साधं दही सगळं मिळतं. गोडा मसाला, पोहे, मेतकूट, चहाची पूड न्या. साजूक तूप, पेढे, दुधाची मिठाई मात्र नाही : युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. ताज्या मिरच्या-कढीपत्ताही घरीच. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, लेकाकडून कळू द्या.

आणि खरं सांगू? टस्कनीचं गरिबाघरचं जेवण शाकाहारी माणसाला चांगलंच मानवतं. पिची नावाचा हाताने वळलेला जाड पास्ता मूळचा फक्त पीठ-पाण्याचा, बिनअंड्याचा. त्यावर लसूण-टोमॅटोची आल्योने ही चटणी मागा. ताल्यातेल्ले मात्र टाळा, त्यात अंडं असतं. रिबोल्लिता म्हणजे पावटे, काळपट कोबीची पानं आणि शिळा पाव घालून पुन्हा पुन्हा उकळलेलं सूप. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव. दोन्हींसाठी "सेन्त्सा ब्रोदो दि कार्ने", मांसाचं पाणी नको, असं विचारून घ्या, कारण काही स्वयंपाकी ते घालतात. पावावरचा तपकिरी लेप कधीच खाऊ नका, तो कोंबडीच्या काळजाचा असतो. चीजमध्ये दूध घट्ट करायला घातलेलं, बहुधा जनावराच्या जठरातलं रेनेट असतं. पिएन्त्साचं पेकोरिनो प्रसिद्ध आहे, पण ते घेण्याआधी "कालियो वेजेताले", म्हणजे वनस्पतीचं रेनेट, आहे का हे विचारायचं की न विचारता खायचं, हा निर्णय सासूबाईंचा. आणि पाव अळणी असतो. मीठ विसरलेले नाहीत, तिथली पद्धतच ती आहे. सोबत घरचं लिंबाचं लोणचं असू द्या.

जेवणाच्या वेळा पाळा. दुपारी साडेबारा ते दोन-अडीच, रात्री साडेसातनंतर. साडेतीनला भूक लागली तर गावात सगळं बंद असतं, म्हणून गाडीत डबा हवा. दुपारची ती वेळ घरी येऊन झोपायची आणि मुलांनी तलावात डुंबायची.

अहोंशी बोलताना अकरा गावांवरून भांडू नका. त्यांनी मेहनत केली आहे आणि यादीतली बरीच गावं राहतातच. त्यांना दोन गाड्यांचं भाडं आणि एका व्हॅनचं भाडं शेजारी शेजारी काढायला सांगा. आकडे त्यांना आवडतात, तेच काढतील. तुमचा आंतरराष्ट्रीय परवाना तोवर निघालेला असू द्या, म्हणजे बोलणं "चालवू का" वरून सुरू होत नाही. घरं फुकट रद्द करता येतील अशीच घ्या. व्हिसाच्या अर्जाला राहण्याचे कागद आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाखतीच्या तारखा पटापट भरतात. सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट आजच काढून त्यांची मुदत बघा : परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक हवेत.